‘हॅव’ म्हणजे काय रे भाऊ? युक्रेनियन विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवताना

पावसाळी_छत्री

फजितीपासूनच सुरुवात करते.

मी आयर्लंडमधल्या एका लहान गावात राहते. इथल्या वाचनालयात दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही तिघीचौघी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेतो. फुकट, आपला हौसेचा मामला. येणारे बहुतेक जण युक्रेनियन, २०२२ नंतर इथे आलेले. सगळ्यात लहान १९ वर्षांचा, सगळ्यात मोठ्या ७४ वर्षांच्या खार्किवच्या आजी.

मागच्या गुरुवारी वर्गानंतर चहापान ठरलं होतं. मी आदल्या दिवशी ग्रुपवर टाकलं, ‘यू डोन्ट हॅव टू ब्रिंग एनीथिंग.’ माझ्या मनात साधं, की काही आणलं नाहीत तरी चालेल. कुणीतरी ते फोनवर भाषांतरात घातलं आणि बाहेर पडलं ‘वी ने पोविन्नी नीचोहो प्रिनोसिती’. ‘पोविन्नी’ म्हणजे बांधील असणं. त्याला ‘ने’ लागलं की ओढूनताणून ‘गरज नाही’ असा अर्थ काढता येईल, पण कानाला लागतं ते ‘आणता कामा नये’ असंच.

सगळे हात हलवत आले. आजी तोंड मिटून बसल्या होत्या. अर्ध्या तासाने त्यांच्या सुनेने हळूच सांगितलं, गाडीच्या डिकीत डबा आहे. आजी सकाळी सहापासून वारेनिकी करत होत्या, मग मेसेज वाचला आणि आयरिश लोकांच्यात असलं चालत नसेल म्हणून डबा गाडीतच ठेवला. (वारेनिकी म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्याच समजा, वरून परतलेला कांदा आणि स्मेताना नावाची आंबट साय.) डबा आला, पाच मिनिटांत संपलाही. मग मी फळ्यावर ‘हॅव’ लिहिलं आणि चहा तिथेच गार होत राहिला.

तोवर मी समजत होते की ‘हॅव’ यांना येतं. ‘आय हॅव अ कार’ सगळेच म्हणतात. खोदल्यावर कळलं की प्रत्येक जण आपापल्या घरच्या वाक्यावरून ‘हॅव’पाशी पोचलाय, आणि ती घरची वाक्यं वेगवेगळी आहेत.

युक्रेनियनमध्ये ‘माझ्याकडे गाडी आहे’ हे दोन प्रकारे सांगतात. एक, ‘उ मेने ये माशिना’, शब्दशः ‘माझ्यापाशी आहे गाडी’. दुसरं, ‘या मायू माशिनू’. यात ‘माती’ नावाचं सरळ क्रियापद आहे, मालक कर्ता आणि गाडी कर्म, इंग्रजीसारखंच. पश्चिम युक्रेनमधल्या लविव्हकडची एक बाई आहे, ती सगळीकडे ‘मायू’ वापरते. तिला ‘आय हॅव’ पहिल्या दिवसापासून सरळ जातं. आजी घरी रशियन बोलतात. रशियनमध्ये ‘माझ्यापाशी आहे’चाच रिवाज, ‘हॅव’ला समांतर क्रियापद आहे, पण ते पुस्तकी. म्हणून आजींचं पहिलं इंग्रजी वाक्य होतं ‘ॲट मी इज सन’. मला मुलगा आहे! वर्गातल्या दोघी हसल्या. मला नाही हसू आलं, कारण आपलं ‘मला मुलगा आहे’ तरी काय वेगळं आहे?

म्हणजे मराठी माणूस या बाबतीत आजींच्या बाकावरचा. आपल्यात तर खण आणखी जास्त. पैसे ‘माझ्याकडे’, भाऊ ‘मला’, किल्ली ‘माझ्याजवळ’, घर ‘माझं’. इंग्रजी या सगळ्याला एकच डबा देतं.

घरावरून आठवलं. मी प्रत्येकाला ‘आय हॅव’ने सुरू होणारं एक वाक्य लिहायला सांगितलं होतं. आजींनी लिहिलं, ‘आय हॅव हाउस. हाउस नॉट हॅव विंडोज.’ मग मान वर करून विचारलं, ‘हॅव ऑर हॅड?’ किल्ली शेजाऱ्यांकडे आहे, भिंती उभ्या आहेत, काचा नाहीत. मी म्हटलं हॅव. हाउसच्या आधी ‘अ’ घातला, ‘नॉट हॅव’चं ‘डझन्ट हॅव’ केलं आणि वही परत दिली. आणखी काय करणार होते?

तर जाणकारांना विचारायचंय. हे एक क्रियापद या लोकांना कुठल्या क्रमाने शिकवावं? पुस्तकात सोळा अर्थांची यादी आहे, तिचा उपयोग शून्य.

---

शेंगदाणा_लाडू

धागा उघडला व्याकरणासाठी, अडकलो वारेनिकीत. पाककृती टाका.

---

खडू_फळा

छान धागा. ३१ वर्षं माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवलं (सातारा जिल्हा), आता निवृत्त. दोन शब्द मी पण टंकतो.

यादी पहिली फेकून द्या. ‘हॅव’चे अर्थ नसतात, ‘हॅव’च्या जागा असतात. तो एकटा उभा आहे का, पुढे ‘टू’ आहे का, पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आहे का, की पुढे चहा, आंघोळ, झोप असं काही आहे, एवढं ओळखता आलं की अर्थ आपोआप लागतो. वाक्यातला पुढचा शब्द बघायला शिकवा.

आणि एक विनंती. आपली खोड त्यांना लावू नका. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय ॲम हॅविंग वन डाउट’ हा अस्सल देशी माल आहे. आम्ही हयातभर तो खोडला, विद्यार्थ्यांनी हयातभर लिहिला.

---

पावसाळी_छत्री

@खडू_फळा सर, पकडलंत! मी वर्गात ‘इफ यू आर हॅविंग एनी डाउट’ म्हणाले होते, आणि लविव्हच्या बाईने विचारलं की पुस्तकात तर ‘हॅव’ला आयएनजी लावू नका असं लिहिलंय. मग सांगावं लागलं की ‘आय ॲम हॅविंग लंच’ चालतं कारण तिथे ‘हॅव’ म्हणजे खाणं, ही क्रिया आहे. ‘आय ॲम हॅविंग अ कार’ चालत नाही, गाडी काही चावून खात नाही आपण. गंमत म्हणजे ही चूक युक्रेनियन करतच नाहीत. त्यांच्या भाषेत चालू वर्तमानाचं वेगळं रूप नाही, त्यामुळे आयएनजी मुळात जपूनच वापरतात. आपल्याकडे ‘करतोय’, ‘जातोय’, ‘राहतोय’ आहे ना, म्हणून हात सैल.

खाण्यापिण्याचा ‘हॅव’ मात्र त्यांना उगाचचा वाटतो. नाश्ता करणे याला त्यांच्याकडे एकच क्रियापद, ‘स्नीदाती’. दुपारच्या जेवणाला वेगळं, रात्रीच्या जेवणाला वेगळं. ‘हॅव ब्रेकफास्ट’ म्हटलं की विचारतात, माझ्याकडे नाश्ता आहे, बरं, मग खाल्ला कधी? इथे मराठी कामी आली. आपण ‘नाश्ता करतो’ तेव्हा तरी काय, तो करून ठेवलेलाच असतो की. रिकामं क्रियापद, काम सगळं नामाचं.

---

विनित्सिया_रिटर्न

लॉगिन करायला भाग पाडलंत. मी विनित्सियाला एमबीबीएस करत होतो, तिसऱ्या वर्षात असताना युद्ध सुरू झालं आणि २०२२ च्या मार्चमध्ये ऑपरेशन गंगाच्या विमानाने परत आलो. शिकवणं इंग्रजीतून, पण वॉर्डातले पेशंट युक्रेनियन बोलायचे, त्यामुळे भाषेचा तास सक्तीचा. तिथला माझा पहिला शोध सांगतो.

एक बाई खाटेवर बसलेल्या. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, ‘ना श्चो स्कार्झितेस?’, म्हणजे तक्रार काय? त्या म्हणाल्या, ‘उ मेने तिस्क.’ तिस्क म्हणजे दाब. मी वाट बघतोय की पुढे काहीतरी येईल, किती दाब, कसला दाब. पुढे काहीच नाही. मॅडमनी मागून सांगितलं, हाय ब्लडप्रेशर. आणि मला एकदम कोल्हापूरची मावशी आठवली. ‘मला बीपी आहे.’ अरे, बीपी सगळ्यांनाच असतं मावशी! पण मराठीत जास्त असलेलंच ‘आहे’ म्हणून सांगतात, आणि तिथेही तसंच. तापाचंही तेच. ‘उ मेने तेम्पेरातूरा’, मला टेंपरेचर आहे.

यातली बारीक गोष्ट. गाडी किंवा भाऊ असेल तर ‘उ मेने ये ब्रात’ असा ‘ये’ (आहे) मध्ये येतो. दुखणं, डोळ्यांचा रंग असलं सांगताना तो गळतो, ‘उ मेने तेम्पेरातूरा’. कारण वस्तू आहे की नाही हा प्रश्नच नसतो, ती कशी आहे हे सांगायचं असतं. विद्यार्थी इंग्रजीत ‘माय टेंपरेचर’ एवढंच बोलून थांबले तर समजा की हा गळलेला ‘ये’ आहे. तिथे ‘आय हॅव अ’ घालायला शिकवा, डॉक्टरकडे लगेच उपयोगी पडेल.

वयाला मात्र ‘हॅव’ नको, हे आधीच बजावून ठेवा. ते ‘मेनी द्वाद्त्सात रोकीव’ म्हणतात, म्हणजे ‘मला वीस वर्षं’. आपल्या ‘मला विसावं लागलं’च्या जवळचं. इंग्रजीत ‘आय ॲम’.

---

कानामात्रा

@विनित्सिया_रिटर्न जबरी प्रतिसाद.

भाषाशास्त्रात ढोबळ विभागणी करतात, ‘हॅव’वाल्या भाषा आणि ‘बी’वाल्या भाषा. मराठी, हिंदी, रशियन ‘बी’वाल्या, इंग्रजी ‘हॅव’वाली. युक्रेनियन दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभी आहे, म्हणूनच धागाकर्तीच्या वर्गात एकाच देशाचे दोन बाक झाले.

आणि धागाकर्ती ज्या देशात बसल्यात तिथली मूळ भाषा? आयरिशमध्ये ‘हॅव’ हे क्रियापदच नाही! ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ हे ‘आहे पुस्तक माझ्यापाशी’ असं सांगतात, आणि त्या ‘माझ्यापाशी’ला शब्द आहे ‘अगम’. सर्दी झाली तर ती ‘माझ्यावर’ असते. म्हणजे आजींचं ‘ॲट मी इज सन’ आयरिशमध्ये शब्दशः बरोबर ठरलं असतं. पुढच्या वर्गात सांगाच त्यांना.

‘माती’बद्दल थोडं. युक्रेनियनमध्ये ‘माती’ म्हणजे जवळ असणे, आणि अगदी याच उच्चाराचं नाम ‘माती’ म्हणजे आई. दोन्हींचं नातं काही नाही, योगायोग. क्रियापदाचं मूळ ‘घेणे, पकडणे’ या अर्थाच्या धातूत आहे. इंग्रजी ‘हॅव’चंही मूळ पकडण्याशीच जातं, पण धातू वेगळा. (‘हॅव’ आणि लॅटिनमधलं ‘हाबेरे’ जुळी भावंडं दिसतात, पण एकमेकांची कुणी लागत नाहीत. यावर पैज लावून मी एकदा वडापाव जिंकलोय.)

नकार तर आणखी मजेशीर. ‘माझ्याकडे वेळ नाही’ म्हणजे ‘उ मेने नेमाये चासू’. या ‘नेमाये’त ‘ने’ आणि ‘माये’ दडलेत, म्हणजे ‘हॅज नॉट’. होकार ‘आहे’चा आणि नकार ‘हॅव’चा, एकाच वाक्यरचनेत. लिहिताना जोडून ‘नेमाये’ म्हणजे ‘नाहीये’, तोडून ‘ने माये’ म्हणजे ‘त्याच्याकडे नाही’. तिथली शाळकरी मुलं यात हटकून चुकतात, आपल्या ऱ्हस्व-दीर्घासारखं.

---

निवांत_काका

एवढं वाचून माझं डोकं दुखायला लागलं. आता हे ‘आय हॅव अ हेडेक’ की ‘माय हेड इज पेनिंग’? (हलके घ्या.)

---

विनित्सिया_रिटर्न

@निवांत_काका ते म्हणतात ‘उ मेने बोलीत होलोवा’, माझ्यापाशी डोकं दुखतं. तुमचं ‘माय हेड इज पेनिंग’ युक्रेनियन माणसाला पटकन कळेल, इंग्रज माणसालाच कळणार नाही.

---

पिशवी_घेतली_का

आम्ही पोलंडमध्ये, व्रोत्स्वाफला. ऑफिसात बरेच युक्रेनियन. त्यांचं हमखास वाक्य ‘यू हॅव राइट’. सुरुवातीला मला वाटायचं हे माझ्या हक्कांबद्दल बोलताहेत. नंतर कळलं, युक्रेनियनमध्ये ‘तुमचं बरोबर आहे’ हे ‘वी मायेते रात्सियू’ असं सांगतात, आणि पोलिशमध्येही हाच प्रकार. तसंच ‘इट हॅज सेन्स’. आणि ‘तुम्हाला काय म्हणायचंय’ला ‘काय मनात आहे तुमच्या’ अशा धर्तीचं, ‘माती ना उवाझी’. मीटिंगमध्ये एकाने मला ‘व्हॉट डू यू हॅव इन माइंड?’ विचारलं, मी बापडी माझ्या कल्पना सांगत सुटले. त्याला फक्त विचारायचं होतं की माझ्या वाक्याचा अर्थ काय.

तेव्हा ‘हॅव’ कुठे वापरायचं याच्याइतकंच कुठे काढून टाकायचं हेही शिकवा. खासकरून ज्यांना ‘मायू’ची सवय आहे, त्यांना. आजींना या चुका कमी होतील, लविव्हच्या बाईंना जास्त.

---

पावसाळी_छत्री

@पिशवी_घेतली_का अगदी अगदी! लविव्हची बाई प्रत्येक वेळी मला ‘यू हॅव राइट’ म्हणते आणि मला मत द्यायला निघाल्यासारखं वाटतं.

हे उलटं गणित माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जिला ‘हॅव’ सोपं, तिच्याच चुका जास्त.

---

खडू_फळा

मूळ फजितीकडे येऊ या का? ‘हॅव टू’.

युक्रेनियनमध्ये ‘मायू’च्या पुढे क्रियापद आलं की ‘करायचं आहे’ असा अर्थ होतो असं वाचनात आलं. ‘या मायू प्रात्स्युवाती’, मला काम करायचंय. म्हणजे इंग्रजी ‘हॅव टू वर्क’शी बेतशीर जुळलं. मग अडलं कुठे? होकारात नाहीच अडलं, अडलं नकारात. ‘डोन्ट हॅव टू’ आणि ‘मस्ट नॉट’ यांतलं अंतर आमच्या दहावीच्या पोरांनाही कधी कळलं नाही. मी शेवटी इंग्रजी सोडून मराठीत सांगायचो, ‘आणावं लागणार नाही’ वेगळं आणि ‘आणू नये’ वेगळं. मराठीत एवढा सोपा फरक आहे, तो इंग्रजीत गेला की दोन्ही ‘नॉट’ सारखेच दिसतात.

---

कानामात्रा

@खडू_फळा बरोबर वाचलंत, फक्त ‘मायू’ जरा सौम्य आहे, ठरल्याप्रमाणे करायचंय या चालीचं. गळ्याशी आलेलं असेल तर ‘मूशू’. आणि ‘मला पाहिजे, गरज आहे’ला ‘मेनी त्रेबा’, यात आपल्यासारखाच ‘मला’. बंदी सांगायला ‘ने मोझ्ना’, चालणार नाही. वर्गात ‘ने पोविन्नी’ला हात न लावता सरळ दोन पाट्या करा. ‘डोन्ट हॅव टू’ म्हणजे ‘ने त्रेबा’, ‘मस्ट नॉट’ म्हणजे ‘ने मोझ्ना’. डबे गाडीत राहणार नाहीत.

---

खडू_फळा

वा! हे उत्तम. वाचनखूण साठवली.

आता ‘हॅव’च्या पुढचं तिसरं रूप. इथे मराठी शिक्षकाला थोडं बळ आहे. ‘मी जेवलेय’, ‘मी ताजमहाल पाहिलेला आहे’, हे आपल्याला आहे. त्यांच्याकडे हा काळ नाही, असं दिसतं.

---

पावसाळी_छत्री

नाहीच. ‘मी जेवले’ आणि ‘मी जेवलेय’ला मिळून ‘या वझे पोयीला’. क्रिया पुरी झाली हे क्रियापदाच्या आधीच्या ‘पो’वरूनच कळतं, मग वेगळं ‘हॅव’ कशाला, हा त्यांचा प्रश्न मला पटतो.

पण सर, बळ सगळीकडे नाही पुरत. ‘मी इथे तीन वर्षं राहतेय’ ते ‘या झिवू तूत त्री रोकी’ म्हणतात, साधा वर्तमानकाळ. म्हणून इंग्रजीत ‘आय लिव्ह हिअर थ्री इयर्स’. मी आल्या आल्या काय म्हणायचे? ‘आय ॲम स्टेइंग हिअर सिन्स थ्री इयर्स.’ दोघींनाही ‘हॅव’ची गरज वाटत नव्हती. मुलाखतीत, दवाखान्यात, घरमालकाकडे हे वाक्य हमखास लागतं, म्हणून मी ‘आय हॅव बीन हिअर’ नियमाशिवाय, नुसतं तोंडपाठ करून घेतलं. चालतंय की.

त्यात इथल्या लोकांनी आणखी भर घातलीय. पुस्तकात ‘डू यू हॅव अ बॅग?’ आणि दुकानातली बाई विचारते ‘हॅव यू अ बॅग?’. आणि ‘आत्ताच जेवलो’ला ‘आय ॲम आफ्टर हॅविंग माय डिनर’! वर्गातल्या इलेक्ट्रिशियनला वाटलं, साहेबाला अजून जेवायचंय, म्हणून तो बाहेर थांबून राहिला.

---

आगाऊ_कार्टं

युक्रेनने २०२४ च्या जूनमध्ये इंग्रजीला आंतरराष्ट्रीय संवादाची भाषा ठरवणारा कायदा केला, ठरावीक सरकारी पदांना इंग्रजी सक्तीचं. आणि तिथल्या सरकारच्या इंग्रजी प्रसाराच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचं नाव काय, तर ‘फ्यूचर परफेक्ट’. ज्यांच्या भाषेत परफेक्ट काळ नाही त्यांनी थेट ‘विल हॅव डन’वर उडी मारलीय. मानलं.

अवांतर: उच्चाराचं कुणीच बोललं नाही. त्यांचा शेवटचा ‘व’ पार ‘उ’कडे झुकतो, त्यामुळे ‘हॅव’चं ‘हॅउ’ होतं आणि ‘हाउ’शी गल्लत होते. सुरुवातीला पुष्कळ जण खरखरीत ‘ख’ काढतात, खार्किवमधला. त्यांच्याकडे आपल्या ‘ह’सारखं घोष अक्षर आहेच, डोक्याला ‘होलोवा’ म्हणताना वापरतात ते. तेच लावायला सांगा.

---

पावसाळी_छत्री

@आगाऊ_कार्टं ‘होलोवा’ची युक्ती लागू पडली!

कालच्या वर्गाचा वृत्तान्त. लविव्हची बाई केस कापून आली होती. म्हणाली, ‘आय कट माय हेअर.’ मी विचारलं, स्वतः? ‘नो, इन सलून.’ मग ‘आय हॅड माय हेअर कट’ शिकवलं, दुसऱ्याकडून करून घेणं. आपणही ‘काल केस कापले’ म्हणतो, न्हाव्याचं नावही काढत नाही. इलेक्ट्रिशियन म्हणाला, म्हणजे लोक ‘आय हॅड माय लाइट्स फिक्स्ड’ म्हणतात तेव्हा काम मीच केलेलं असतं! त्याला हे वाक्य भलतंच आवडलं, दोनदा वहीत लिहून घेतलं.

आजींना ‘अगम’ सांगितलं. त्यांनी ते तीनदा म्हणून पाहिलं, मग सुनेला काहीतरी म्हणाल्या. सून म्हणे, ‘शी सेज, आय वॉज राइट.’ ‘हॅड राइट’ नाही, बरं का.

पाट्याही केल्या, ‘ने त्रेबा’ आणि ‘ने मोझ्ना’. पुढच्या गुरुवारी पुन्हा चहापान आहे. आज ग्रुपवर विचार करून लिहिलं, ‘यू डोन्ट हॅव टू ब्रिंग एनीथिंग, बट यू कॅन.’

आजींचं उत्तर दोन मिनिटांत आलं. ‘आय हॅव टू.’